खिडकीजवळचा पांढरा चौकोन

१

रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या वरच्या दालनातला खंड्या उडून गेला. म्हणजे त्याची चौकट जागच्या जागी होती, काच होती, खाली माहितीची चिठ्ठीही होती. आत मात्र खंड्याऐवजी पांढरा पुठ्ठा होता. शंभरएक वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी जलरंगात काढलेलं ते चित्र: तपकिरी डोकं, तपकिरी पोट, निळे पंख आणि जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी नजर. वाचनालयाकडे मौल्यवान म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. ग्रंथपालबाई दिवे बंद करायला वर आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

मंगळवारी सकाळी ही हकीकत ठिपकीच्या दुकानात पोचली, तोवर चोरही ठरून गेला होता.

ठिपकी म्हणजे पन्नाशीला टेकलेली, चष्मा कपाळावर ढकलून संगणकापुढे बसणारी, बिघडलेले फोटो दुरुस्त करणारी बाई. अख्खं गाव तिला याच नावाने ओळखत होतं. ते आबांनी दिलेलं. तीस वर्षांपूर्वी आबांच्या स्टुडिओत, फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीशेजारच्या टेबलावर बसून ती प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायची. दोनदा नापास झालेली, घरच्यांनी हात टेकलेली मुलगी. बाकीच्यांनी तिला कोरी पाटी म्हणून सोडून दिलं होतं आणि आबांनी ब्रश हातात दिला होता. तिच्या भिंतीवर तिने धुतलेला पहिला फोटो अजून होता, गावातल्या चौकटी करणाऱ्या काचवाल्या काकांकडून आबांनीच चौकटीत बसवून दिलेला. तो तिने आधी उलटा टांगला होता. आबा पोट धरून हसले होते आणि म्हणाले होते, मागे बघ, काकांनी पेन्सिलीने बाण काढलाय. वरची बाजू वर राहावी म्हणून तो माणूस बाण काढल्याशिवाय चौकट हातावेगळी करत नाही.

स्टुडिओ बंद पडल्यावर आबा वाचनालयाचे राखणदार झाले. मागच्या अंगाची खोली, दालनांच्या किल्ल्या आणि गावभराचा विश्वास एवढी त्यांची मिळकत. आणि आता ग्रंथपालबाई ठिपकीसमोर खाली मान घालून सांगत होत्या की चोरीचा संशय आबांवर आहे, उद्या अकराला समिती बसणार आहे, आणि समितीपुढे ठेवायला एका फोटोचा मोठा प्रिंट हवा आहे.

"हा फोटो," बाईंनी मोबाईल पुढे केला. "यावरच सगळं अडलंय. आबा अडकतायत ते यानेच."

२

फोटो रविवारच्या पक्षीविषयक व्याख्यानाचा होता. अंधारं दालन, खुर्च्यांवर हसरे चेहरे, मागे पश्चिमेची मोठी खिडकी आणि खिडकीजवळच्या घडवंचीवर चौकटीतला खंड्या, अगदी ठळक. वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

बाईंनी सगळा हिशेब मांडला. एक वाजता दालन बंद करताना त्यांनी खंड्या डोळ्यांनी पाहिला होता. आबा एक वाजताच बाहेर गेले, बँकेत काम आहे म्हणून, ते चार वाजता परतले. चारला व्याख्यान संपलं, माणसं गेली. चार ते पाच आबा एकटेच वर खुर्च्या रचत होते, किल्ली त्यांच्याच कमरेला. पाचला चित्र नाही. तीन दहाला खंड्या चौकटीत होता हे फोटोच सांगतोय, मग तो गेला केव्हा? आणि वर आबा स्वतःच बोलून बसले होते की चारला चित्र जागेवर होतं, मी नीट पाहिलं.

"रविवारी बँक?" ठिपकीने विचारलं.

बाई कसनुशा हसल्या. तेही अध्यक्षांच्या लक्षात आलं होतं.

ठिपकीने फोटो संगणकावर घेतला, मोठा केला आणि चष्मा नाकावर आणला. मग तिने खुर्ची पुढे ओढली. बाईंना एवढं ठाऊक होतं की ही बाई खुर्ची पुढे ओढते तेव्हा गडबड असते.

खिडकीच्या गजाची सावली भिंतीवरून तिरकी येत होती. चौकटीच्या डाव्या लाकडावर ती चढली होती, उजव्या लाकडावरून खाली उतरली होती. मधल्या कागदावर मात्र सावलीचा मागमूस नव्हता. गजाची सावली काही खंड्याला बघून वळसा घालत नाही.

"प्रिंट मी देते," ती म्हणाली, "पण हा नाही."

३

फोटोग्राफरला गावात फ्लॅशभाऊ म्हणत. स्वभावाने गोड, कामाला चांगला, पण बिघडलेलं कबूल करायचं म्हटलं की दातखीळ बसायची. त्याचे निम्मे फोटो ठिपकीकडेच दुरुस्तीला येत. तिने त्याला दुकानात बोलावलं, चहा दिला आणि सावलीवर बोट ठेवलं.

त्याने चहा बशीत ओतला, परत कपात ओतला. मग सगळं सांगून टाकलं. दालन अंधारं, म्हणून त्याने कॅमेरा चेहऱ्यांच्या हिशेबाने लावला. चेहरे सुरेख आले, खिडकीकडची बाजू मात्र उन्हाने जळून पांढरीफटक झाली. चौकटीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. व्याख्यान पक्ष्यांवर आणि फोटोत पक्षीच नाही, लोक काय म्हणतील? म्हणून त्याने सकाळी अकराला काढलेल्या फोटोतला खंड्या कापून त्या चौकोनात चिकटवला आणि वाचनालयाच्या ग्रुपवर टाकून दिला. तेव्हा चोरीचं नावही नव्हतं.

"आणि नंतर? आबांचं नाव आलं तेव्हा?"

त्याने कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाला, "ताई, मला वाटलं, पक्षी होताच की तिथे. मी फक्त दिसत नव्हता तो दाखवला."

"होता कशावरून? तू पाहिलास?"

त्याने आठवून पाहिलं. ऊन थेट काचेवर होतं, त्या बाजूला डोळाच लागत नव्हता. दालनातल्या सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले होते. म्हणजे व्याख्यानाला लोक जमल्यापासून पाचला ऊन काचेवरून हटेपर्यंत, चौकटीत काय आहे हे एकाही माणसाने पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी खंड्या पाहिला होता तो नंतर, फ्लॅशभाऊच्या फोटोत.

ठिपकीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या धंद्यातलंच पाप होतं हे. पांढरं पडलं की भरायचं, कुणाला कळतंय. तिने स्वतःही कितीदा कुणाच्या पांढऱ्या आभाळात ढग भरून दिले होते.

"मूळ फाईल आहे?" तिने विचारलं. "कॅमेऱ्याने जशी टिपली तशी, कच्ची?"

फाईल होती. पण ती उघडण्याआधी तिला आबांना भेटायचं होतं.

४

आबा खोलीच्या दारात बसले होते. तिने आवाज दिला तेव्हा त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, पण थोडं बाजूला पाहिलं. "ठिपके, ये," म्हणाले. त्यांनी तांब्यातून पाणी ओतलं ते पेल्याच्या काठावरून जमिनीवर गेलं. तिने पेला सरळ केला.

"आबा, रविवारी बँक नसते."

"नसते," ते म्हणाले. बराच वेळ ते गुडघ्यावरचा हात चोळत राहिले. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. दोन वर्षं झाली, सगळं पांढुरकं दिसतं. प्रिंट जास्त उजेडात धरल्यासारखं. ऑपरेशन करा म्हणतात. पण इथे सांगितलं तर आंधळा राखणदार कोण ठेवणार? नोकरी गेली की ही खोलीही गेली."

"मग चारला चित्र पाहिलं असं का सांगितलंत?"

"विचारलं सगळ्यांसमोर. दिसलं नाही असं कसं सांगू? नेहमी असतं, म्हणून होतं म्हणालो." त्यांनी तांब्या बाजूला सरकवला. "मी खोटं बोललो, ते फेडतोय. पण खंड्या मी नेला नाही गं."

तिला ते सांगायची गरजच नव्हती. पण रडायला वेळ नव्हता म्हणून तिने त्यांनी खिशातून काढून दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी वाचायला घेतली. एक चाळीसला नोंद, तीन पस्तीसला डोळे तपासून सुटका. खंड्या तीन दहाच्या आधी गेला असेल तर आबा सुटले. पण आधी गेला हे त्या पांढऱ्या चौकोनातून बाहेर यायला हवं होतं.

निघताना आबा म्हणाले, "भरू नकोस हां काही. जे आहे तेवढंच काढ."

५

दुकानात ग्रंथपालबाई आणि फ्लॅशभाऊ दोघेही येऊन बसले. ठिपकीने कच्ची फाईल उघडली. उजेड खाली ओढला, आणखी खाली ओढला. चेहरे काळे झाले, खिडकीत झाडाच्या फांद्या उमटल्या, पण चौकोन होता तसाच राहिला, फक्त पांढऱ्याचा राखाडी झाला. फ्लॅशभाऊने सुस्कारा टाकला. गेलं ते गेलं, म्हणाला.

"थांब," ती म्हणाली. "कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन उजेड वेगवेगळे मोजतो. दुपारचं ऊन पिवळट. त्यात लाल आणि हिरवा भरून सांडलेत, त्यांत काही उरलं नाही. निळ्याचं भांडं अजून भरलं नसेल."

तिने संगणकाचं आपणहून भर घालणारं बटण आधी बंद केलं. मग लाल आणि हिरवा बाजूला सारून एकटा निळा पडद्यावर घेतला आणि अगदी तीळ तीळ गडद करत नेला. चौकोनात गजाची सावली आली, कडेपासून कडेपर्यंत, सलग. मग पुठ्ठ्याची खरखर आली. पक्षी नव्हता.

"पण ताई," फ्लॅशभाऊ पुढे झुकला, "निळ्यात निळा पक्षी दिसेलच कसा? निळे पंख तिथे पांढऱ्यासारखेच उजळ दिसणार. अध्यक्ष हेच विचारतील."

प्रश्न रास्त होता. बाईंचा चेहरा उतरला.

ठिपकीने सकाळी अकराचा फोटो शेजारी घेतला आणि त्याचाही एकटा निळा दाखवला. पंख खरंच विरघळून गेले होते. पण खंड्याचं तपकिरी डोकं आणि पोट निळ्यात काळंकुट्ट उठून दिसत होतं. "पंख लपतील, पोट कुठे लपेल? तीन दहाला पोटच नाही."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. फ्लॅशभाऊ म्हणाला की अध्यक्षांपुढे आपली चूक तो स्वतः सांगेल, आणि हे म्हणताना त्याला घाम फुटला होता.

ठिपकीचं लक्ष मात्र पडद्यावरून हललं नव्हतं. चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी पुसट होतं. तिने तेवढाच कोपरा मोठा केला. पेन्सिलीची एक रेघ होती आणि तिच्या टोकाला दोन फाटे. वर तोंड केलेला बाण.

तिने उठून भिंतीवरचा आपला पहिला फोटो उतरवला आणि पालथा केला.

६

"काचवाले काका?" बाईंना खरंच वाटेना. "अहो, पण त्यांनीच तर चौकट बनवली. पुठ्ठा त्यांचाच, बाणही त्यांचाच असणार. तो कुणीही उलटा करून घातला असेल."

"कुणीही घातला असता," ठिपकी म्हणाली, "तर बाण कुठेही असता. आडवा, खाली, कसाही. चोर घाईत असतो. इथे मागचे खिळे काढून, पुठ्ठा उलटवून, परत खिळे ठोकून चौकट बंद केलीय, आणि पुठ्ठ्यावर चित्र नसतानाही त्याची वरची बाजू वर ठेवलीय. सवयीचा हात आहे तो. काका रविवारी आले होते का?"

आले होते. दोन वाजता, चौकटीच्या काचेवर चरा पडलाय अशी तक्रार होती म्हणून नवी काच घेऊन. बाई त्यांना आपल्याकडच्या किल्लीने दालन उघडून देऊन शेजारच्या खोलीत डबा खात बसल्या होत्या. अडीचच्या सुमारास काका जुनी काच कागदात गुंडाळून घेऊन गेले. त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. गंमत एवढीच आठवते की काका ती काच दोन्ही हातांवर आडवी धरून, पावलापावलाने जिना उतरत होते. बाई थट्टेने म्हणाल्याही होत्या, काका, पंगत वाढायला निघालात का? काका हसले नव्हते.

ठिपकी जागच्या जागी उभी राहिली. काच कुणी आडवी नेत नाही. काचवाला ती उभी, काखेला लावून नेतो, नाहीतर मध्ये तडकते. चाळीस वर्षं काच वाहिलेला माणूस चरा पडलेली, टाकून द्यायची काच ताटासारखी का नेईल?

"तिच्यावर काहीतरी होतं म्हणून," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. "चला, आबांना घेऊ. त्यांच्याशिवाय जायचं नाही."

७

काकांचं दुकान भर दुपारी अर्धं बंद होतं. आत मोठ्या टेबलावर काच पालथी पडली होती आणि काका तिच्यावर वाकले होते, हातात ओलसर टीपकागदाची पट्टी आणि हाडाची पातळ सुरी. काचेला पाठ वर करून चिकटलेला कागद अर्ध्याहून जास्त सुटला होता. दारात चौघांना बघून त्यांनी सुरी अलगद बाजूला ठेवली. तशाही वेळी ती घाईने टाकली नाही, हे ठिपकीच्या लक्षात राहिलं.

"उजवा पंख राहिलाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे दोन रात्री झोप नसल्यासारखे लाल होते.

गोष्ट साधी होती. चौकट करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये अंतर ठेवायला पुठ्ठ्याची किनार घालायची असते. खंड्याच्या वेळी घाईत ती राहून गेली. रोज दुपारच्या उन्हात काच तापायची, संध्याकाळी तिच्या आत दमट धरायचं. रविवारी मागचे खिळे काढले तर खंड्या काचेला चिकटलेला. ओढला असता तर रंग काचेवरच राहिला असता. म्हणून काचेसकट आणला, आणि पुठ्ठ्याची आतली बाजू दमटपणाने डागाळली होती म्हणून तो उलटा करून घातला. पाचच्या आत सोडवून परत बसवू आणि मग सांगू, असं ठरवलं होतं. पाचला बोंब झाली आणि तोंड उघडण्याची वेळ निघून गेली.

"आणि माझं नाव आलं ते कळलं होतं?" आबांनी विचारलं. आवाज वर गेला नव्हता.

"कळलं होतं." काकांची मान खाली गेली. "सकाळपासून तीनदा निघालो सांगायला. दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. म्हणायचो, पंख सुटू दे, मग जातो. कुठल्या तोंडाने आलो असतो?"

ठिपकीच्या मनात बोलण्यासारखं पुष्कळ साठलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य चांगलं नव्हतं. आबा मात्र हाताने टेबलाची कड चाचपत पुढे गेले. अंधाऱ्या खोलीत चाळीस वर्षं न बघता काम केलेले ते हात होते. त्यांनी बोटाच्या टोकाने टीपकागद दाबून पाहिला.

"फार ओला केलास," ते म्हणाले. "पिळून घे. वाफ पुरते. आणि घाई करू नको, कागद स्वतः सांगतो कधी सुटायचं ते."

काकांनी पट्टी पिळली. आबा शेजारी बसून बोटांनी अंदाज सांगत राहिले, काका सुरी सरकवत राहिले, आणि चार वाजायच्या सुमारास उजवा पंख सुटला. पंखाच्या टोकाशी नखाएवढा निळा रंग काचेवर राहिला. काका त्याच्याकडे बघून रडले. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तू तो टाकून दिला असतास तर कुणाला कळलंही नसतं. वाचवलास, हे पुष्कळ झालं.

८

समिती बुधवारी अकराला बसली आणि पावणेबाराला उठली. फ्लॅशभाऊ बोलला, काका बोलले, आणि शेवटी आबांनी उठून आपल्या डोळ्यांचं सांगितलं. अध्यक्षांनी कपाटातून तो पुठ्ठा काढून बाण पाहिला, घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर आबांची माफी मागितली. ती त्यांना जड गेली, पण त्यांनी अर्धवट मागितली नाही. आबांना ऑपरेशनसाठी महिनाभराची रजा मिळाली, आणि खोलीचा विषय कुणी काढलाच तर आपण राजीनामा देऊ असं ग्रंथपालबाईंनी आधीच जाहीर करून टाकलं. खिडकीला जाड पडदा लागला. काकांनी चौकट पुन्हा केली, किनारीसकट.

अध्यक्षांना पंखाच्या टोकाचा पांढरा डाग ठिपकीकडून भरून हवा होता. तिने हात जोडून नाही म्हटलं.

तीन आठवड्यांनी, आबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी, ती त्यांना वरच्या दालनात घेऊन गेली. वाटेत तिने मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं. अंधाऱ्या खोलीत आबांनी तिला शिकवलं होतं की प्रिंटचा एखादा कोपरा कोराच राहिला तर तो फेकायचा नसतो. बाकीचं हातांनी झाकून त्या कोपऱ्याला आणखी थोडा वेळ उजेड द्यायचा, मग त्यातलं हळूहळू उमटतं. तिला म्हणायचं होतं की आबा, तुम्ही माझ्या बाबतीत तेच केलंत. सगळ्यांना मी कोरी दिसत होते. तुम्ही थोडा जास्त वेळ थांबलात.

आबा खंड्यासमोर उभे राहिले. तपकिरी पोट पाहिलं, पंख पाहिले, टोकाचा डाग पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मग ते तिच्याकडे वळले, या वेळी अगदी नेमके तिच्याकडे, आणि बघतच राहिले.

"ठिपके," ते म्हणाले, "तुझे केस पांढरे झाले की गं. कधी झाले?"

ती हसली, आणि हसता हसता जुळवलेलं सगळं बोलणं विसरली. "तुम्ही बघत नव्हता तेव्हा," ती कशीबशी म्हणाली. मग तिने वाकून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि तिला म्हणायचं होतं ते आबांना न बोलताच पोचलं असावं, कारण त्यांनीही हात बराच वेळ सोडले नाहीत.